मठाच्या दारावरचं नाव

सुताची पेंडी काट्यावर चढवत असताना महालिंगप्पाला कळलं, की कल्लेवाडीच्या मठात त्याच्या नावाची पाटी लावली आहे. सांगणारा वीरभद्र उमरग्याचा व्यापारी. सोलापुरातल्या या दुकानातून तो महिन्याच्या महिन्याला सूत न्यायचा. सहज बोलावं तसा तो बोलून गेला. "मठात आता जुन्या वस्तूंचं संग्रहालय केलंय, आप्पा. परवा घरच्यांना घेऊन गेल्तो. दाराजवळ पाटी हाय, तुमचं नाव ह्या एवढ्या अक्षरात. पोरांना म्हनलं, बघा रे, ह्यांना मी वळखतो." महालिंगप्पा हसला असावा. निदान वीरभद्र तरी त्याच्याकडे बघून हसला. मग पाच शेरांचं वजन पारड्यात ठेवताना ते कडेवरच ठेवलं गेलं, घसरलं आणि डाव्या अंगठ्यावर आलं. कळ मस्तकात गेली. मालक ओरडले, कुणी हळद आणली, कुणी गार पाण्याची चिंधी. त्या गडबडीत तो पोत्यावर बसून राहिला आणि त्याला जरा बरंच वाटत होतं. दुखतंय म्हणायला आता एक अंगठा होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

घरी बायकोने, रुद्रम्माने, चिंधी सोडून पुन्हा बांधली. नख काळंनिळं झालं होतं. त्याने पाटीचं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. "अमावास्येला दुकान बंद असतंय. जाऊन येतो," तो म्हणाला. "जाऊ नका." "का?" "लांब हाय." लांब नव्हतं. सकाळी मोटारीत बसलं की दुपारच्या आत मठ. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. सव्वा वर्षापूर्वी मठ सोडून ते या खोलीत आले, तेव्हापासून रुद्रम्माने बांगड्या भरायला कुणाही मणेरणीच्या हातात हात दिला नव्हता. गल्लीत चुडीवाली हाळी देत यायची, शेजारणी ओट्यावर जमायच्या. रुद्रम्मा आत निवडण घेऊन बसायची. नंतर दुकानातून बांगड्या आणायची आणि मोरीत बसून, साबण लावून, एकटीच चढवायची. चढवताना एखादी फुटायची. त्याने कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. भाद्रपदातल्या त्या दिवशी ती मठाच्या कोठीत होती, धान्याच्या कणग्यांमागे. कोठीपर्यंत आवाज जातो की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचं धाडसही नव्हतं.

अमावास्येला तो निघाला. मोटार निजामाच्या हद्दीत शिरायची तिथला करोडगिरीचा नाका आता ओस होता. आडवा बांबू कुणीतरी उचलून नेला होता आणि जकातीच्या शिपायाच्या खोलीत शेळ्या बसल्या होत्या. पूर्वी इथं गाठोडी सोडावी लागत, पुन्हा बांधावी लागत. आता कुणी काही विचारत नव्हतं, आणि त्याला ते बरं वाटलं नाही. कुणीतरी विचारायला हवं होतं, कुठं चाललात, कशाला चाललात. खिडकीतून ज्वारी दिसत होती, हुरड्यात आलेली. मध्येच एखादं गाव यायचं आणि गावाच्या एका कडेला छपरं नसलेल्या भिंती दिसायच्या. मोटारीतली माणसं त्या कडेला बघत नव्हती. तोही बघत नव्हता, पण कुठल्या गावात त्या भिंती डाव्या हाताला आहेत आणि कुठल्या गावात उजव्या, हे त्याला न बघता कळत होतं.

उमरग्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून तो चालू लागला. वीस वर्षं तो या मठात राहिला होता. लग्न होऊन आला तो इथंच, कारण रुद्रम्माचे वडील मठकरी होते. सोळा-सतरा कुटुंबं, शंभरावर माणसं, आणि चूल एकच. ज्याच्या त्याच्या वाट्याला काम. कुणी मागावर, कुणी शेतावर, कुणी भाकरी थापायला. स्वतःचं म्हणून कुणाकडे गळ्यातल्या लिंगाखेरीज काही नसायचं, आणि दुपारच्या पंगतीला वाटेवरचा कुणीही येऊन बसला तरी त्याला नाव, जात, गाव विचारायचं नाही, हा नेम. महालिंगप्पाच्या वाट्याला दार आलं होतं. पहाटे अडसर काढायचा, तिन्हीसांजेला घालायचा. सागवानी दार, दोन पुरुष उंच. अडसर बाभळीचा, एकट्याने उचलायचा तर खांद्यावर घ्यावा लागे. वीस वर्षांत तो खांदा एका बाजूला उतरला होता. सोलापुरात शिंप्याने सदरा शिवताना माप दोनदा घेतलं होतं.

मठाच्या वेशीवर आता लोखंडी फाटक होतं, नवं, हिरव्या रंगाचं, सताड उघडं. आत माणसं कमी झाली होती. त्या धामधुमीत गेलेली निम्मी कुटुंबं परत आलीच नव्हती. मागाच्या ओवऱ्यांना चुना दिला होता आणि दारांवर आकडे रंगवले होते, एक, दोन, तीन. उत्तरेश्वर समोर आला. मठाच्या शाळेतला हा मास्तर. तिशीचा, उत्साही, भल्या मनाचा. संग्रहालयाची सगळी खटपट त्यानेच केलेली. "आप्पा! अहो तुम्ही! कळवलं असतं तर फाट्यावर गाडी धाडली असती." तो वाकून पाया पडला. महालिंगप्पाने पाय मागे घेतला, पण उशिरा.

पहिल्या ओवरीत भांडी होती. शंभर माणसांची आमटी उकळायची काहील, तिच्या बुडाची काजळी खरवडून काढलेली. तिच्याखाली जळण सारून सारून मठाचा स्वयंपाक करणाऱ्या शांताक्काच्या भुवया कायमच्या जळाल्या होत्या. दुसऱ्या ओवरीत माग, त्यावर अर्धं विणलेलं घोंगडं तसंच ताणून ठेवलेलं. तिसरीत स्वामींच्या लाकडी पादुका, त्यांची काठी, ताडपत्रांची बाडं. स्वामी गेल्या वर्षी लिंगैक्य झाले. महालिंगप्पाने काठीपुढं हात जोडले. उत्तरेश्वर सांगत होता, कुठली वस्तू किती जुनी, कुठून मिळाली, आणि महालिंगप्पाला वाटत होतं, एखाद्या मेलेल्या माणसाच्या घरी आपण सामान बघत हिंडतोय, आणि तो माणूस आपल्या ओळखीचा होता हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या गोष्टी त्याने हाताने धरल्या होत्या, त्यांना आता हात लावायचा नाही अशी चिठ्ठी होती.

कोठीच्या खोलीत दार होतं. वेशीतून काढून आणून ते भिंतीला टेकवून उभं केलेलं. दोन्ही फळ्या मिटलेल्या, आणि मागे नुसती भिंत. अडसर खाली पायाशी आडवा ठेवला होता. बाजूला पाटी: वैशाखातल्या रझाकारांच्या हल्ल्यात या दाराने त्रेसष्ट जणांचे प्राण राखले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत अडसराला खांदा देऊन उभे राहणारे निष्ठावंत सेवक महालिंगप्पा गुरुलिंगप्पा. अक्षर सुरेख होतं. तो दारापुढं उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की ही दाराची बाहेरची बाजू आहे. वैशाखातले कुऱ्हाडीचे घाव इथं होते, एक हातभर लांब, एक बिजागरीपाशी. त्या दिवशी तो आतून उभा होता आणि प्रत्येक घावाला त्याचा खांदा लाकडाबरोबर दणकत होता. आता तो बाहेर उभा होता.

त्रेसष्ट हा आकडा खरा होता. त्यानेच मोजला होता, संध्याकाळी, कोठीतून एकेक जण बाहेर आला तेव्हा. बासष्ट मठातले आणि एक चांदबी. ईटकडची मणेरीण, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन या भागातली गावं फिरणारी, पन्नाशीची, काटकुळी. त्या दिवशी सकाळी ती बायकांना बांगड्या भरायला आली होती आणि आतच अडकली. बाहेरच्यांना तिने एक हाक दिली असती, तर तिला कुणी काही केलं नसतं. ती त्यांच्यातली होती. तिने हाक दिली नाही. कोठीतल्या अंधारात एक तान्हं रडायला लागलं तेव्हा तिने त्याला मांडीवर घेतलं आणि स्वतःचं बोट चोखायला दिलं. संध्याकाळी बाहेर आल्यावर बोट दाखवत हसली होती. "चावतंय की वो हे, आप्पा. दात न्हाईत तरी चावतंय." मग टोपली उचलून गेली.

भाद्रपदात फौजा आल्या. निजामाचं राज्य चार दिवसांत बसलं. मठात साखर वाटली, स्वामींना उठवून अंगणात आणलं. आणि त्यानंतरच्या आठवड्यात आग उलट्या दिशेने फिरली. रझाकारांत जे होते ते बरेचसे आधीच पळाले होते. राहिले ते विणकर, पिंजारी, मणेर, ज्यांना पळायचं का हेच कळलं नव्हतं. एका सकाळी पंचवीस-तीस माणसं मठाच्या दारात आली. आसपासच्या गावांचीच, मठाच्या पंगतीला जेवलेली. महालिंगप्पा निम्म्यांना नावानं ओळखत होता. "आप्पा, त्यांच्यातलं कुनी मठात ठिवलं तर मठाचंबी बरं न्हाय. आदी सांगून ठिवतो," ती माणसं म्हणाली आणि मठापलीकडच्या नाल्याकडे गेली. त्याने बायकापोरांना कोठीत घातलं आणि दार लावलं. भर दुपार होती. ऊन असं की अंगणातल्या फरश्यांवर पाय ठरत नव्हता. तेव्हा दार वाजलं. कुऱ्हाडीने नाही, हाताने, पोकळ मुठीने, शेजारच्या घरी विस्तव मागायला आल्यासारखं. नाल्याकडून माणसांचा गलका येत होता, पण तो लांब होता. वेळ होता. नंतर सोलापुरात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने तो वेळ कितीदा मोजला होता: अडसर खांद्यावर, एक फळी हातभर आत, काटकुळं माणूस, पुन्हा फळी, पुन्हा अडसर. दहा श्वास. त्याने अडसराला हात लावला होता. हात लावून तो उभा राहिला होता. आतल्या खोलीत स्वामी अंथरुणाला खिळून होते. त्यांना ऐकू गेलं. "यारू?" त्यांनी आधी कानडीत विचारलं, मग मराठीत, "कोण हाय दारात?" महालिंगप्पा म्हणाला, "कुनी न्हाय."

"आप्पा, बसता का जरा?" उत्तरेश्वर विचारत होता. त्याने मान हलवली आणि पुढं सरकला, दारापासून लांब जावं म्हणून. कोपऱ्यातल्या फळीवर बायकांच्या वापरातल्या वस्तू मांडल्या होत्या. फणेरपेटी, कुंकवाचा करंडा, पाळण्याची खेळणी. त्यांच्या शेजारी एक वेताची पसरट टोपली. एका बाजूला वेत तुटलेला. आत दोऱ्यात ओवलेले बांगड्यांचे आठ-दहा तोडे, हिरवे आणि चिंतामणी रंगाचे. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बांगड्यांची टोपली. मालक अज्ञात.

तो स्वयंपाकघरात गेला. शांताक्का एका लहान काहिलीत उचटणं फिरवत होती. ती सत्तरीला आली होती आणि मठातलं सगळ्यात जुनं माणूस आता तीच. तिने त्याला बघितलं आणि बघून नवल केलं नाही. "आलात व्हय, आप्पा." "शांताक्का, ती टोपली कुनी आणली?" तिने उचटणं काढून काठावर ठोकलं. "म्या आनली. तिसऱ्या दिशी. नाल्याच्या अंगाला पडल्याली." "आन् ती?" "तीबी तिथंच हुती." शांताक्काने पदराने तोंड पुसलं. "हरिबाला संगट घेतलं, शेतावरल्या गड्याला. दोघांनी मिळून खड्डा केला. त्येंच्यात कसं ठिवत्यात, तोंड कुनीकडं, आमाला काय म्हाईत. जसं जमलं तसं ठिवलं." "कुठं?" "आता काय करता इचारून. पल्याडच्या रानात. ह्या साली तिथं ज्वारी हाय." त्याने दारातून पल्याडच्या रानाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमाला ठावं हुतं. दारात कोण हुतं ते." "मी तुमच्या मागंच हुते की, आप्पा. तुळशीकट्ट्यापाशी." तिचा आवाज सपाट होता. "तुमी वळून बघितलं न्हाय. म्या बी म्हनलं न्हाय, काढा म्हनून. मलाबी भ्या वाटलं." ती पुन्हा काहिलीकडे वळली. "मास्तरला टोपली दिली तवा त्यो म्हनला, कुनाची. म्या म्हनलं, ठावं न्हाय."

तो परत उत्तरेश्वरकडे गेला, त्या पाटीवरून माझं नाव काढा म्हणायला. पण तेव्हाच बेंबळीहून एक कुटुंब आलं होतं. धोंडीबा, साठीचा शेतकरी, त्याची बायको द्वारकाबाई आणि एक लेकुरवाळी सून. पाच-सहा कोसांवर सोयऱ्यांकडे आले होते, म्हणून मठ बघायला वळले होते. उत्तरेश्वर त्यांना दारापाशी घेऊन आला होता आणि महालिंगप्पाला बघून त्याचा चेहरा उजळला. "आणि हे बघा, दैव कसं असतं. ज्यांचं नाव तुम्ही वाचलंत ते हेच. महालिंगप्पा." धोंडीबाने डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि हात जोडले. सुनेने लेकराला त्याच्या पायावर घालायला वाकवलं. लेकराच्या टाळूवर तेल होतं, त्याचा वास आला. "नका," महालिंगप्पा म्हणाला. "नका घालू. मास्तर, हे नाव काढायला पाहिजे." "आप्पा, तुमची ही सवयच आहे, स्वतःकडे काही घ्यायचं नाही—" "मी दार काढलं न्हाय," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला मोठा वाटला. "वैशाखात लावलं ते खरं. भाद्रपदात ती चुडीवाली आली, पळत आली, मागं मानसं लागल्याली. दार वाजवलं. मी ह्या दाराच्या आत उभा हुतो, अडसराला हात लावून. काढलं न्हाय. स्वामींनी विचारलं तर कुनी न्हाय म्हणून सांगितलं. ती टोपली तिची हाय."

उत्तरेश्वरच्या तोंडावर आधी न कळल्यासारखं काहीतरी होतं, मग कळल्यासारखं, आणि मग तो सुनेकडे आणि लेकराकडे बघून घाईने म्हणाला, "आप्पा दमलेत. लांबून आलेत. पाणी आणतो." पण गेला नाही. धोंडीबाने खाकरून घसा साफ केला. तो चांगला माणूस होता. "आप्पा, आसं मनाला लावून घिऊ नगा. त्या दिवसांत समद्यांचीच बुद्धी फिरल्याली. आत लेकरं-बाळं हुती तुमच्या. तुमच्या जागी म्या आसतो तर म्याबी न्हाय काढलं आसतं. कुनीबी न्हाय काढलं आसतं." महालिंगप्पा हेच ऐकायला आला होता की काय, असं त्याला क्षणभर वाटलं. सव्वा वर्ष तो हे स्वतःला सांगत होता, अगदी याच शब्दांत. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यालाही कळलं नाही.

द्वारकाबाई टोपलीकडे बघत होती. "कोन हुती म्हनलात?" "चांदबी. ईटकडची मणेरीण." "आमच्या बेंबळीलाबी येत हुती ती," ती म्हणाली. "सुनंला माझ्या पैलं चूडं तिनंच भरलं, बाळंतपनाच्या आदी. हात लई हलका." सुनेने आपले हात पदराखाली घेतले. द्वारकाबाई महालिंगप्पाकडे वळली. रागाने नाही, एखाद्या घरची हकिगत विचारावी तशी ती विचारत होती. "मग दारात उबी राहून काय म्हनत हुती वो ती?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. रुद्रम्माने विचारलं नव्हतं, शांताक्काने नाही. तो दाराकडे बघून बोलला. "वाचवा म्हनली न्हाय. रडलीबी न्हाय. आप्पा, मी हाय, म्हनली. चांदबी. थोडं थांबून पुन्हा म्हनली, मी हाय की वो, चांदबी, चुडीवाली. तुमच्या रुद्रम्माला मागल्या बुधवारी भरल्या बघा हिरव्या. आसंच सांगत हुती. नाव सांगत हुती परत परत." तो अजून दाराकडेच बघत होता. "तिला वाटलं, मी आवाज वळखला न्हाय. म्हणून काढत न्हाय."

"वळखला हुता?"

"पैल्या हाकेला."

द्वारकाबाईने पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. धोंडीबा चुळबुळला, मठात येऊन पंगतीला न बसता जायचं नाही, अशी रीत होती. "आगं, जेवून तरी—" "चला," ती म्हणाली आणि सुनेच्या पाठीला हात लावून तिला बाहेर घेऊन गेली. धोंडीबाने जाताना पुन्हा हात जोडले, कुणाला ते त्यालाही ठरवता आलं नाही. हिरव्या फाटकातून ती तिघं बाहेर पडली, उन्हात लहान होत गेली. उत्तरेश्वर बराच वेळ पाटीकडे बघत उभा होता. "आप्पा," तो शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "कलेक्टरसाहेब यायचेत पौषात. पाटी आता बदलता येणार नाही." मग तोही गेला.

पंगतीची घंटा झाली. ओवरीसमोर दहा-बारा माणसं बसली. शेतावरचे गडी, दोन वाटसरू, उत्तरेश्वर अगदी पलीकडच्या टोकाला. महालिंगप्पा फाटकाकडे निघाला होता. फाट्यावर मोटार तासाभराने होती, वाटेत कुठंतरी सावलीला बसता आलं असतं. शांताक्का ओगराळं घेऊन पंगतीत उभी होती, तिथूनच म्हणाली, "बसा, आप्पा." "नको, शांताक्का. जातो." "बसा. इथं कुनाला उपाशी धाडत न्हाईत." तिने टोमणा मारला नव्हता. ती वर्षानुवर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणायची तेच वाक्य होतं, त्याच सुरात. तो थांबला. मग पायातल्या वहाणा काढून पंगतीच्या शेवटी बसला. समोर पत्रावळ आली, भाकरी आली, वर ज्वारीच्या कण्या आणि झणझणीत आमटी. त्याला वाटलं होतं, घास उतरणार नाही. पहिला उतरला, दुसराही उतरला. दुखऱ्या अंगठ्यामुळे भाकरी दाबून धरता येत नव्हती, तरी तो मोडत होता, कालवत होता, खात होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि त्याला भयंकर भूक लागली होती. शांताक्का परत फिरत आली, न विचारता तिने दुसऱ्यांदा वाढलं, आणि त्याने पत्रावळीवर आडवा हात धरला नाही.